भाकरीचा कोयता

दसरा सरला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना ते पाठ झालं आहे. लेक तर सरळ म्हणते, "आईचा हंगाम सुरू झाला, चार महिने जरा जपून राहा." मी नगरला पाथर्डी रस्त्याच्या कडेला राहते आणि या दिवसांत त्या रस्त्यानं ट्रॅक्टर जायला लागतात, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, हंडे, कोंबड्यांचं डालगं, एखादी शेळी, गोणपाटात गुंडाळलेले कोयते आणि सगळ्यात वर पोरं. आता पोरांच्या हातात मोबाइल असतो, एवढाच फरक. परवा एक बारा-तेरा वर्षांची पोरगी त्या ढिगाऱ्यावर डुगडुगत बसून मान खाली घालून काहीतरी बघत होती. तिकडं तिच्या शाळेत त्याच वेळी हजेरी चालू असणार. मी गच्चीतून बघितलं आणि तोंडातून शिवी गेली. निवृत्त शिक्षिकेच्या तोंडी ते शोभत नाही म्हणे. नसेल शोभत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा तिशीच्या आतली. वडील एमआयडीसीत कामगार, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि घरात शिकण्याचा हट्ट, एवढ्या भांडवलावर मी मास्तरीण झाले आणि बदली झाली पाथर्डी तालुक्यातल्या एका गावी. गाव डोंगराच्या पायथ्याशी, पण डोंगर बोडका. एसटी दिवसातून दोनदा, त्यातली दुसरी आली तर आली. पहिल्याच दिवशी एका घरी मला चहा मिळाला तो कान तुटलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या कपात. मी चहा प्यायले, कप धुतला, त्यांच्याच मांडणीवर बाकीच्या कपांच्या मधोमध ठेवला आणि म्हटलं, "उद्या येते पुन्हा." दुसऱ्या दिवशी गेलेही. अशी मी! त्यामुळं पुढं जे झालं त्यात माझ्या शहाणपणाचा वाटा किती आणि आडमुठेपणाचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

भादव्यात बाजरी कापली जायची. पोरं शाळेत यायची ती अंगाला बाजरीची कूस चिकटलेली, मानेला खाजवत. वर्गात तो कोरडा, गोडसर वास भरून असायचा. आणि त्याच वासात घटस्थापनेच्या सुमाराला दगडू मुकादम गावात फिरायला लागायचा. मुकादम म्हणजे कारखान्यासाठी ऊसतोडीची टोळी जमवणारा माणूस. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं, काखेत वही, बोलणं तुपात घोळलेलं. तो माणसं मोजत नसे, कोयते मोजत असे. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणार, दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. "औंदा किती कोयतं?" एवढं विचारलं की गावाची खानेसुमारी उरकली. कोण आजारी आहे, कोण पोटुशी आहे, कोण सातवीत आहे, हे त्या वहीत कुठं बसतच नव्हतं.

मग दिवाळीच्या आगेमागे गाव उठायचं. आज एक ट्रक, उद्या दोन. दाराला कुलूप, उंबऱ्याला काटेरी फांदी. आईबापांच्या मागं पोरं जाणार, हे गृहीतच होतं. वर्गात शिल्लक राहायची मूठभर. पुढच्या बाकापासून मागच्या भिंतीपर्यंत माझाच आवाज मला ऐकू यायचा, म्हणून मी उगाच मोठ्यानं शिकवायची. अक्षय तृतीयेला लोक परत यायचे तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असायची. पोरगं मागच्याच वर्गात बसायचं, किंवा बसायचंच नाही. आमचे हेडमास्तर भले गृहस्थ होते, पण कागदाला भ्यायचे. ते म्हणायचे, "बाई, नियम आहे. सलग इतके दिवस गैरहजर, की पटावरून नाव कमी. आपण काय करणार?"

सिंधू सातवीत होती. काटकुळी, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि प्रश्न असे विचारायची की मास्तरांनी रजा टाकावी. एकदा भूगोलात मी पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवत होते. ती उठली. "बाई, शिर्डीकडं ऊस हाय, तितं पानी हाय. आमच्याकडं न्हाई. असं का?"

मी म्हटलं, "आत्ताच सांगितलं ना, पावसाची छाया."

"पन तितंबी पाऊस आमच्यासारखाच की वो. तितं कालवा हाय. कालवाबी पावसानंच काढला व्हय?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि पान उलटलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. तेरा वर्षांची पोर मला पाणी, कालवा, ऊस, ट्रक आणि तिचा रिकामा बाक एका दोरीत ओवून दाखवत होती, आणि मी पुढच्या धड्याच्या घाईत होते.

तर त्या वर्षी मी ठरवलं की पोरं गावात ठेवून घ्यायची. घरोघर फिरले. पाया पडायचं बाकी ठेवलं, भांडायचं नाही ठेवलं. सिंधूच्या बापाशी, बबनशी, तर तीन संध्याकाळी वाद घातला. बबन बोलायला कमी, ऐकायला चांगला. तिसऱ्या संध्याकाळी तो म्हणाला, "ठेवतो बाई. हुशार हाय पोर, ऱ्हाऊ द्या तिला. जेवायचं चुलत्याकडं बघतो." मी घरी उड्या मारतच आले म्हणा ना. बारा घरांनी शब्द दिला होता. दिवाळीच्या सुट्टीत नगरला गेले तेव्हा वडिलांपुढं फुशारकी मारली की मी अख्खा नियम उलटवून आले.

सुट्टी संपून परतले. हजेरी घेतली. शब्द दिलेल्यातली बहुतेक पोरं हजर होती, लहान मुलगे सगळे होते. सिंधूचं नाव घेतलं तर शेजारची पोरगी बाकाकडं बघत म्हणाली, "सिंधीचं लगीन झालं बाई. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिशी. गेली ती कोयत्यावर."

मी काय केलं असेल? काही नाही. पुढचं नाव घेतलं.  मग दिवसभर बबनला मनातल्या मनात लाखोली वाहिली. शब्द देतो आणि पाठ फिरली की पोर उजवतो, ही काय माणसाची जात! महिना होत आला तेव्हा हेडमास्तर हळूच म्हणाले, "बाई, ते सिंधूचं नाव..."

"नाही कमी करणार."

"अहो, लग्न झालं तिचं."

"झालं असेल. नाव माझ्या पटावर आहे."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना घाम फुटला की ते चष्मा पुसायचे.

तिचा पत्ता शोधायला मला चार दिवस लागले. हल्ली सगळे म्हणतात, आता जग जोडलं गेलंय. म्हणजे तेव्हा काय तुटलेलं होतं? पाथर्डी स्टँडवरच्या एसटीडी बूथवाल्याला मी विचारलं, त्यानं कंडक्टरला सांगितलं, कंडक्टरनं कारखान्याच्या फाट्यावरच्या चहावाल्याकडं निरोप टाकला, चहावाल्यानं उसाच्या ट्रकवाल्याला विचारलं, आणि शुक्रवारच्या शेवटच्या गाडीनं उत्तर आलं: अमुक गावच्या शिवारात, कॅनॉलच्या कडेला, दगडूची टोळी. मजुराचा ठावठिकाणा स्टँडवरच्या सगळ्यांना माहीत होता. फक्त ज्यांच्या टेबलावर त्याचं नाव होतं त्या कचेऱ्यांना माहीत नव्हता. रविवारी पहाटेची गाडी धरली, नगरला बदलली आणि दहाच्या सुमाराला मी कॅनॉलवर उतरले.

पाणी! कॅनॉल काठोकाठ वाहत होता आणि मी तोंडात मारल्यासारखी बघत उभी राहिले. इकडं हवाच वेगळी. ओली, आंबूस. चिरडलेल्या उसाचा चिकट वास, जळक्या पाचटाचा धूर, बैलांच्या शेणाचा वास, सगळं एकात एक. ओळीनं कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांनी शाकारलेल्या झोपड्या, आत शिरायचं तर रांगत शिरावं लागे. समोर फडात सपासप आवाज चालला होता. त्यातून डोक्यावर मोळी घेऊन, अंगात पुरुषी सदरा घालून एक बाई ट्रककडं आली, फळीवरून वर चढली, मोळी टाकली आणि खाली उतरताना माझ्याकडं बघून थबकली. ती सिंधू होती. गळ्यात काळे मणी, हातांवर उसाच्या पानांनी काढलेल्या बारीक रेघा.

मी म्हटलं, "सिंधू, मी आलेय बघ. तुझं नाव मी कमी केलेलं नाही."

ती हसेल, रडेल, बिलगेल असं मला वाटलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाई, तुमी मला ठेवून घ्याया निघाला ना, म्हून माजं लगीन झालं."

"म्हणजे?"

"दरसाल मी आयेबापासंगं येतच हुते की. भावाला संभाळायचे, भाकरी टाकायचे. कुनाला माज्या लग्नाची घाई नव्हती. औंदा तुमी म्हनलात पोरीला गावात ठेवा. मग समदी लागली बोलाया, तेरा वर्साची पोर, आयबाप परमुलखात, कायबी झालं तर? चुलता म्हनला, मी जबाबदारी घेनार न्हाई. बा भ्याला. आन् मुकादमाकडं नवनाथ अर्धा कोयता पडून हुता, त्येच्याशी लावून दिलं."

तिनं हे कुठलाही राग न आणता सांगितलं, त्यामुळं ते जास्त लागलं.  बबननं शब्द मोडला नव्हता. त्यानं माझा शब्द पाळायचा प्रयत्न केला होता, आणि त्या प्रयत्नातूनच तिचं लग्न ठरलं होतं. वाकळेचा एक टाका दिसला म्हणून मी ओढला, आणि टाका दुसरीकडंच कुठं उसवला.

दगडू मुकादम तिथंच होता. माझ्याकरता त्यानं रस मागवला, पाहुणचार चोख. मी विचारलं, "मुकादम, नवनाथला दुसऱ्या एखाद्या गड्याबरोबर जोडला असता तर? दोन गडी मिळून कोयता होत नाही?"

"हुतो की बाई. न्हाई कशाला? पन टिकत न्हाई."

"का?"

"भाकरी कुनी करायची?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो मात्र गंभीर होता. "दोन बापे दिसभर फडात मोडून येत्यात. मग ह्यो म्हनतो तू चूल पेटव, त्यो म्हनतो तू. आठ दिसात भांडनं, पंधरा दिसात एक पळून जातो. मोळी वाहाया कुनीबी मिळंल, भाकरीला बायकूच लागती. ह्या नवनाथची आय यायची की आधी, चंद्रभागा. तिचं गुडघं गेलं, फळीवर चढता येईना. आता तिला बसवली आन् सून आनली."

"म्हणजे एवढा सगळा प्रश्न भाकरीचा?"

"मंग? तुमाला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं? मला वाटलं होतं अज्ञान आहे, प्रबोधन पाहिजे. आमचं खातं दरवर्षी प्रभातफेरी काढायला लावायचं: "मुलगी शिकली, प्रगती झाली." उपाशी गावाच्या रिकाम्या गल्ल्यांतून आम्ही घोषणा देत जायचो आणि कुत्री भुंकायची. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी पहिल्यांदा नीट विचार केला. सिंधूचं शिक्षण अडलं होतं चंद्रभागेच्या गुडघ्यांपाशी. ते गुडघे होते दवाखान्याच्या खात्यात. चुलत्याकडं तिला ठेवायचं तर धान्य लागणार, पण कुटुंब गावात नाही म्हणून रेशन बंद, ते पुरवठा खात्यात. धाकट्या भावाला सांभाळणं अंगणवाडीच्या खात्यात, पण अंगणवाडी गावात आणि भाऊ कोपीत. जोडीनं माणसं मोजायची रीत कारखान्याची, ती तर कुठल्याच खात्यात नाही. आणि माझ्या खात्यात काय, तर सिंधू गैरहजर. प्रत्येकाच्या कागदावर एकेक भोक, आणि प्रत्येकजण आपलं भोक दुसऱ्यावर ढकलून मोकळा. "आमच्याकडे येत नाही." हे वाक्य मी पुढच्या महिन्यात इतक्या टेबलांवर ऐकलं की झोपेत बडबडायला लागले असते.

आणि ते वाक्य अजून मेलेलं नाही. मागच्या वर्षी एका कार्यालयात मला अनुभवी म्हणून बोलावलं होतं. वातानुकूलित खोली, भिंतीएवढा पडदा, पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा, नकाशावर पोरांचे लाल ठिपके. तरुण अधिकारी, हुशार, मनापासून काम करणारा. तो म्हणाला, "मॅडम, आता प्रत्येक मूल कुठं आहे ते आपल्याला एका क्लिकवर कळतं."

मी म्हटलं, "ते पाथर्डी स्टँडवरच्या बूथवाल्यालाही कळत होतं. पुढं काय?"

"पुढं संबंधित विभागाला अलर्ट जातो."

"संबंधित विभाग कुठला?"

त्यानं पडद्याकडं बघितलं. मग म्हणाला, "शिक्षण."

"आणि भाकरी कुठल्या विभागात येते, बाळ?"

लोक हसले. म्हातारीला भूक लागली असावी असं एका साहेबांना वाटलं, त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली. देवा! सगळ्या पोरांचे ठिपके एकमेकांना तारेनं जोडलेत, पण त्या ठिपक्यांवर निर्णय घेणारी माणसं एका सतरंजीवर बसत नाहीत. जोडलेल्या जगाचं कौतुक मला सांगू नका. कोण कुणाला काय विचारतो ते सांगा. मी बिस्किटं खाल्ली नाहीत.

आम्ही सतरंजी टाकली होती. पुढच्या भादव्यात, बाजरी निघाल्यावर, मुकादमाची वही उघडायच्या आत. शाळेच्या ओसरीवर मी सगळ्यांना बोलावलं: बबन आणि त्याच्यासारखे आईबाप, अंगणवाडीच्या ताई, रेशन दुकानदार, दगडू मुकादम. हेडमास्तर आतल्या खोलीत बसून चष्मा पुसत होते. या वेळी मी "पोरींना ठेवता का?" असं विचारलंच नाही. मी विचारलं, भाकरी कोण करणार? तान्हं कोण धरणार? पोरी झोपणार कुठं? नवनाथसारख्यांचा जोडीदार कोण?

आधी बापे एकमेकांकडं बघत राहिले. मग बायका बोलायला लागल्या. कोपऱ्यात सिंधूची सासू चंद्रभागा पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांवर हात चोळत. ती एकदम म्हणाली, "मला वाकाया येत न्हाई, पन बसून भाकरी थापाया गुडघं कशाला लागत्यात? दहा गड्यांच्या थापीन."

 दगडूनं खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तिथं पोरींची कणव वगैरे काही उमटली नाही, मला उगाच खोटं बोलायचं नाही. तिथं हिशोब चालला होता की दहा गडी भांडणार नाहीत, पळणार नाहीत आणि भल्या पहाटे फडावर जातील. "ही बाई नुसती भाकरी करनार. मग हिला वहीत घालू कसं?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला.

बबन म्हणाला, "भाकरीचा कोयता म्हना. अर्धा."

तसं लिहिलं गेलं. सहा पोरगे, त्यांत नवनाथही, म्हणजे दोन-दोन बाप्यांचे तीन कोयते, आणि त्यांच्या भाकरीला चंद्रभागा, अर्धा कोयता, वाटा सगळ्यांच्या कामातून. कुठल्या कारखान्यानं परिपत्रक काढलं नाही, कुठल्या खात्यानं योजना आणली नाही. रेशन दुकानदार म्हणाला, कार्ड पोरींच्या हातात द्या, धान्य मी देतो, वरून कुणी विचारलं तर मला माहीत नाही. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, धाकटीही ठेवा, नाहीतर मोठ्या पोरी थांबायच्या नाहीत. आणि दोन म्हाताऱ्या, ज्यांना तसंही कुणी ट्रकवर घेत नव्हतं, पोरींसोबत शाळेत झोपायला तयार झाल्या. शाळेत, हो. सातवीच्या वर्गात, बाक भिंतीला लावून. हेडमास्तर बाहेर आले, सगळं ऐकलं, आणि एवढंच म्हणाले, "किल्ली माझ्याकडून हरवली असं समजा."

चंद्रभागेला मात्र एक गोष्ट पचत नव्हती. "सासू फडात आन् सून शाळंत? लोक शेन घालतील माज्या तोंडात."

टोळीबरोबर गावी परतलेली सिंधू इतका वेळ पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, लोकास्नी म्हनावं, माजी सून सातवी नापास ऱ्हायली हुती, पास व्हाया ठेवलीय. आन् न्हाई झाले पास तर घाला की शेन, मीच आनून देते."

चंद्रभागा आधी रागानं बघत राहिली आणि मग अशी हसली की ओसरीतलं अख्खं बाईमाणूस हसायला लागलं.

सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. एकानं ऐन वेळी पोरगी ट्रकवर घातलीच. अंगणवाडीतलं एक तान्हं आठवडाभर तापलं आणि मी देवाला न मानणारी बाई कुणाकुणाचा धावा करत बसले. रेशनचा गहू एकदा भुंगेरी आला. पण त्या थंडीत त्या वर्गाला जो वास होता तो मला आजही नाकात येतो: खडू, खोबरेल तेल, वाकळा आणि कोपऱ्यातल्या चुलीवरची बाजरीची भाकरी. सकाळी पोरी वाकळांच्या घड्या घालून बाक पुन्हा ओळीत लावायच्या आणि त्याच खोलीची शाळा व्हायची. पौषात शाळू हुरड्याला आला तेव्हा त्या दोन म्हाताऱ्या पोरींना घेऊन शेतात गेल्या, आणि सिंधूनं माझ्यासाठी रुमालात हुरडा बांधून आणला, अजून गरम. त्या हंगामात, मागं राहिलेल्या मोठ्या पोरींपैकी एकीचंही लग्न ठरलं नाही. ठरवायचं कारणच कुणाला उरलं नव्हतं.

आणि मग विस्तार अधिकारी आले. म्हणजे शाळा तपासणारे साहेब. आधी न कळवता, जीपमधून. हेडमास्तर चष्म्यासकट गारठले. साहेबांनी कोपऱ्यातली चूल बघितली, भिंतीला उभ्या केलेल्या वाकळा बघितल्या, मग हजेरीपत्रक उघडलं. मी भारताच्या नद्या शिकवत होते. फळ्यावर गोदावरी अर्धी काढून झाली होती.

"ही कोण?" साहेबांनी बोट ठेवलं. "मागचं अख्खं सत्र गैरहजर. नाव कमी का नाही केलं? तुमच्या हेडमास्तरांना दोनदा पत्र आलंय."

"कारण ती आली," मी म्हटलं. "ही काय, बसलीय."

साहेबांनी सिंधूकडं बघितलं. मग तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं. "विवाहित? बाई, तुम्हाला नोटीस निघेल. शाळा आहे की धर्मशाळा? नियम सगळ्यांना सारखा. नाव कमी करा."

"मी करणार नाही."

"काय म्हणालात?"

"तुम्हाला करायचं तर करा. पण तिच्यासमोर करा, आणि कुठल्या कारणानं ते तिला सांगून करा. ती गैरहजर होती तेव्हा कुठं होती, काय करत होती, तिची सासू आत्ता कुठं आहे, हे सगळं ती तुम्हाला सांगेल. ऐका आणि मग खोडा."

"ते माझ्याकडे येत नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या हाताखाली एवढ्या शाळा, प्रत्येक शाळेत असे रकाने, आणि वर त्याच्यासारखाच कुणीतरी. त्यांनी लाल पेन काढलं, टेबलावर पट्टी शोधली, आणि सिंधूच्या नावावर सरळ, नीट रेघ ओढली. शेजारी सही केली, तारीख घातली.

  वर्षभराची माझी लढाई एका पट्टीच्या लांबीएवढी होती तर. तेवढ्यात सिंधू उभी राहिली. हाताची घडी, दोन वेण्या वर बांधलेल्या, मण्यांखाली शाळेचा निळा झगा. मला वाटलं ती आता पाटी-दप्तर उचलणार.

"सायेब," ती म्हणाली, "झालं का खोडून?"

साहेबांनी वर बघितलं. "हो."

"मग बसते मी. बाईंची गोदावरी अर्धीच ऱ्हायलीय."

आणि ती खाली बसली.